ऑस्ट्रेलिया युरोव्हिजनमध्ये कशाला, असं बोलून बसले आणि मैत्रीण दुरावली

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मूळची पुण्याची, नोकरीसाठी व्हिएन्नात राहते. तिथे सात-आठ जणांचा ग्रुप आहे, दरवर्षी मे महिन्यात सगळे कुणाच्या तरी घरी जमतात, युरोव्हिजन ही देशादेशांमधली गाण्यांची स्पर्धा टीव्हीवर बघतात, कागदावर बारा, दहा, आठ असे पॉइंट मांडतात, भांडतात, हसतात. २०२५ ला स्वित्झर्लंडमधल्या बाझलची दुसरी सेमीफायनल चालू होती, ऑस्ट्रेलिया बाहेर पडला आणि ही पटकन बोलून गेली, "बरं झालं, एका खऱ्या युरोपियन देशाला जागा मिळाली." ग्रुपमधली एक मैत्रीण मेलबर्नची आहे, तिची आजी ग्रीसहून ऑस्ट्रेलियात गेलेली. ती म्हणाली, "मग तू इथली खरी आहेस का?" आणि पर्स उचलून निघून गेली. तेव्हापासून ऑफिसात भेटली तर हाय-बाय, ग्रुपवर गप्प. दोन दिवसांनी फायनल ऑस्ट्रियाने जिंकली, म्हणजे आता २०२६ ची स्पर्धा व्हिएन्नातच आहे, सगळ्यांना एकत्र बघायचीय, आणि हिला कळत नाहीये काय करावं. "माझं मत मला अजूनही बरोबर वाटतं, मग माफी कशाची मागू?" असं तिचं म्हणणं. वर पुण्यातला चुलतभाऊ डोकं खातोय की ऑस्ट्रेलिया चालतो तर भारत का नको.

---

अगं, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं हे मैत्रिणीच्या भांडणाचं पत्र आहे, दुसऱ्यांदा वाटलं की नाही, हिला खरंच त्या स्पर्धेच्या नियमाबद्दल बोलायचंय आणि कुणी नीट बोलतच नाहीये तिच्याशी. म्हणून मी दोन्हीवर लिहिते, पण आधी स्पर्धेवर, कारण तुझं मत काय आहे हे तुलाच नीट दिसल्याशिवाय माफी मागायची की नाही हे कसं ठरणार.

तू लिहिलंयस "खरा युरोपियन देश". मला इथेच थांबून तुला विचारायचंय की हे तू कशावरून ठरवतेस? नकाशावरून म्हणशील तर ही स्पर्धा नकाशावरून कधी चाललीच नाही. १९५६ ला स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला पहिली स्पर्धा झाली तेव्हा सात देश होते, आणि खरं सांगायचं तर देश नव्हतेच, सात टीव्ही कंपन्या होत्या. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन, म्हणजे ईबीयू, ही सरकारी-निमसरकारी प्रसारण संस्थांची संघटना १९५० ला निघाली आणि एकाच वेळी अनेक देशांत थेट प्रक्षेपण जमतंय का बघू या म्हणून हा गाण्यांचा घाट घातला. म्हणजे आत यायचं दार आहे ते टीव्ही चॅनेलसाठी, देशासाठी नाही. आणि पूर्ण सदस्य कोण होऊ शकतं तर "युरोपियन ब्रॉडकास्टिंग एरिया" नावाचा एक रेडिओ लहरींसाठी आखलेला पट्टा आहे त्यातला, तो दक्षिणेला तीस अंश अक्षांशापर्यंत आणि पूर्वेला चाळीस अंश रेखांशापर्यंत जातो. आता त्या चौकटीत काय काय बसतं बघ. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, इजिप्त, लेबनॉन, जॉर्डन सगळे बसतात. इस्रायल १९७३ पासून आहे. आर्मेनिया, जॉर्जिया आणि अझरबैजान तर रेषेच्याही पलीकडे, त्यांच्यासाठी २००७ ला व्याख्याच वाढवली, आणि अझरबैजानने २००८ ला पदार्पण करून २०११ ला जिंकूनसुद्धा दाखवलं, पुढच्या वर्षी सगळा युरोप कॅस्पियन समुद्राच्या काठी बाकूला.

मोरोक्को एकदाच आला, १९८० ला हेगमध्ये. समीरा बेनसईद अरबीत गायली, एकोणीस देशांत अठरावी आली, सात पॉइंट मिळाले आणि ते सातच्या सात एकट्या इटलीने दिलेले. परत कधी आला नाही. हे मी का सांगतेय, तर मोरोक्को पूर्ण हक्काचा सदस्य, स्पेनच्या किनाऱ्यावरून दिसतो इतका जवळ, तरी त्याचं स्पर्धेत कुणाशी नातं जुळलं नाही. आणि ऑस्ट्रेलिया पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला.

गायकांचं म्हणशील तर तिथे पासपोर्ट कधीच कुणी बघितला नाही. १९७४ ला ब्राइटनला ब्रिटनकडून ऑलिव्हिया न्यूटन-जॉन गायली, ती वाढली मेलबर्नमध्ये. १९८८ ला स्वित्झर्लंडला जिंकून देणारी सेलीन डिऑन कॅनडाची. लक्झेंबर्ग पाच वेळा जिंकला त्यात लक्झेंबर्गचा गायक एकही नाही. २०१२ ला बाकूत ब्रिटनकडून एंगलबर्ट हम्परडिंक उभा राहिला, सव्वीस देशांत पंचविसावा आला बिचारा, त्याचा जन्म आपल्या मद्रासचा! आणि ज्या ऑस्ट्रियाच्या विजयाने तुमच्या शहरात स्पर्धा आलीय तो मिळवून देणारा गायक जेजे, त्याची आई फिलिपिन्सची. तू त्या रात्री नाचली असशील ना? मग त्या आनंदात "खरा युरोपियन" कुठे आडवा आला नाही, तो फक्त ऑस्ट्रेलियाच्या वेळीच आडवा आला, हे जरा स्वतःशी तपासून बघ.

पण थांब, तुझं सगळंच चुकीचं आहे असं मला म्हणायचं नाहीये. तुझ्या बोलण्यात एक मुद्दा आहे आणि तो खरा आहे, तो म्हणजे जागेचा. बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं म्हणून सविस्तर सांगते.

ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा बोलावलं ते २०१५ ला, स्पर्धेची साठी होती म्हणून, आणि तेही तुमच्याच व्हिएन्नात, तुमच्याच श्टाटहाले हॉलमध्ये. तेव्हा सांगितलं होतं की हे एकदाच, वर्धापनदिनाची गंमत, जिंकले तरच पुढच्या वर्षी परत, आणि जिंकले तरी स्पर्धा सिडनीला जाणार नाही, युरोपातल्याच एखाद्या चॅनेलबरोबर युरोपातच घ्यायची. त्या वर्षी त्यांच्या गायकाला, गाय सेबास्टियनला, थेट फायनलला बसवलं, सेमीफायनल नाहीच, आणि त्यासाठी फायनलमध्ये एक जागा वाढवून सत्तावीस देश केले. म्हणजे कुणाचंही ताट ओढलं नाही. तो पाचवा आला, टाळ्या झाल्या, सगळे खूश. इथपर्यंत तुझी तक्रार लागू होत नाही.

पुढच्या वर्षी ते परत आले, न जिंकता. या वेळी सेमीफायनलमधून, म्हणजे बाकीच्यांच्या रांगेत. आणि त्या २०१६ ला ऑस्ट्रेलियाची डामी इम ५११ पॉइंट घेऊन दुसरी आली, युक्रेनची जमाला ५३४ वर जिंकली, तज्ज्ञ ज्यूरींच्या मतांत तर डामी इमच पहिली होती. थोडक्यात वाचलं म्हणायचं, नाहीतर पहिल्या दोन वर्षांतच "पाहुण्याने करंडक नेला" ही हेडलाइन झाली असती. आणि रांगेतून यायचं ठरलं की गणित साधं आहे, प्रत्येक सेमीफायनलमधून दहा जण पुढे जातात, त्या दहात ऑस्ट्रेलिया असेल तर अकरावा कुणीतरी घरी जातो, आणि तो अकरावा कधीकधी एखादा लहान देश असतो, ज्याच्या चॅनेलने फी भरायला वर्षभर काटकसर केलेली असते. पुढे तर २०२३ पर्यंतचा करारच झाला आणि त्यानंतरही दर वर्षी आहेतच. "एकदाच" म्हणून बोलावलेलं कायमचं कधी झालं हे कुणी जाहीर सांगितलंच नाही. मला स्वतःला विचारशील तर आयोजकांची चूक इथे आहे. बोलावण्यात नाही, हे असं गुपचूप लांबवण्यात आहे.

(गंमत म्हणजे व्हिएन्नातले ते सिग्नल, ज्यात एका माणसाऐवजी हातात हात घेतलेली जोडपी लाल-हिरवी होतात, तेही २०१५ च्या युरोव्हिजनसाठी तात्पुरतेच लावलेले होते. आता रोज त्यांच्याखालून तू रस्ता ओलांडतेस. त्यांच्याबद्दल आता फारशी कुणी तक्रार करत नाही कारण त्यांनी कुणाची जागा घेतली नाही.)

दुसरीकडे कझाकस्तान बघ. २०१८ ते २०२२ त्यांची मुलं ज्युनिअर युरोव्हिजनमध्ये गायली, २०१९ आणि २०२० ला लागोपाठ दुसरी आली, त्यांच्या देशाचा एक तुकडा तर युरोपात मोडतो, तरी मोठ्यांच्या स्पर्धेचं आमंत्रण त्यांना आजवर नाही. ऑस्ट्रेलियाला आहे. का? पाहुणा कसा निवडतात याचा नियम कागदावर असता तर तुझ्यासारखीला असं फटकन बोलावंसं वाटलंच नसतं, आणि कझाकस्तानातल्या एखाद्या मुलीलाही कळलं असतं की नक्की काय केलं म्हणजे दार उघडतं.

आता मैत्रिणीच्या बाजूने. तुला वाटतं ऑस्ट्रेलिया म्हणजे कुठूनतरी मधेच घुसलेला श्रीमंत देश. तिच्या घरी ते तसं नाहीये. ऑस्ट्रेलियात एसबीएस नावाचं चॅनेल आहे, ते काढलंच मुळी बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांसाठी, त्यांच्या त्यांच्या भाषांसाठी. महायुद्धानंतर ग्रीस, इटली, माल्टा, युगोस्लाव्हिया इथून बोटी भरभरून लोक तिकडे गेले. त्यांच्यासाठी एसबीएस १९८३ पासून युरोव्हिजन दाखवतंय. म्हणजे आमंत्रण येण्याआधी तीस वर्षांवर नुसतं बघणं चालू होतं, गायला कुणी नाही, मत द्यायचा अधिकार नाही, काही नाही. आणि वेळ कुठली? फायनल तुमच्याकडे रात्री नऊला सुरू होते तेव्हा मेलबर्नला रविवारचे पहाटेचे पाच वाजलेले असतात, आणि मे म्हणजे त्यांच्याकडे थंडीची सुरुवात. तुझ्या मैत्रिणीची आजी ग्रीसची आहे म्हणतेस, मग तिच्या लहानपणी त्या घरात ही स्पर्धा कोण लावत असेल आणि ग्रीसचं गाणं आलं की कोण खुर्चीतून पुढे सरकत असेल याचा अंदाज तुला यायला हरकत नाही, तू पण इथून लांब राहून गणपतीची आरती मोबाईलवर बघतेसच की.

त्यामुळे तू "बरं झालं" म्हणालीस ते तिने नियमाबद्दल ऐकलं नाही. तिने ऐकलं की तुम्ही आमच्यात मोजले जात नाही. आणि तिने उलटून जे म्हटलं, "तू इथली खरी आहेस का", ते तू नियमाबद्दल ऐकलं नाहीस, ते तू तुझ्या व्हिसावर, तुझ्या जर्मनवर, ट्राममध्ये कुणी कधी वळून बघितलं असेल त्यावर घेतलंस. दोघींनी एकमेकींना नेमकं तिथेच टोचलं जिथे आधीच दुखत होतं. पण दोघींपैकी पहिली कोण बोलली, तू. आणि हे जरा कडू लागेल पण लिहिते, बाहेरून येऊन एखाद्या ठिकाणी रुळलेले लोक पुष्कळदा दाराशी सगळ्यात कडक पहारा देतात. आपण मेहनत करून आत आलो ना, मग बाकीच्यांनाही कसून तपासा, असं मनात कुठेतरी असतं. ग्रुपमधले ऑस्ट्रियन काही बोलले का त्या दिवशी? तुझ्या पत्रात तरी त्यांचा एक शब्द नाही.

म्हणून माफी कशाची मागायची याचं उत्तर सोपं आहे. मताची मागू नकोस. पाहुण्या देशांनी सेमीफायनलची जागा घेऊ नये हे मत धरून रहायला काही हरकत नाही, मलाही ते बरंचसं पटतं. माफी "बरं झालं" ची आणि "खरा" ची. आणि ती मोठ्या भाषणासारखी नको, ग्रुपवर तर अजिबात नको, ग्रुपवर मागितली की बाकीचे अंगठे आणि बदाम टाकतात आणि तिला मनात नसलं तरी "इट्स ओके" म्हणावं लागतं. एकटीला लिही, किंवा ऑफिसात कॉफीच्या वेळी गाठ, आणि एवढंच बोल की त्या दिवशी तुझ्या देशाबद्दल मी जे बोलले ते वाईट बोलले, तुला लागलं असणार, मला तुझ्या आजीच्या घरी हे कसं बघायचात ते ऐकायचंय. बस. त्यात "पण" घालू नकोस. "पण माझा मुद्दा असा होता की" हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळ, ते पुढच्या भेटीत बोलायला भरपूर वेळ आहे. ती म्हणेल कदाचित की मीही जास्त बोलले. नाही म्हणाली तरी चालेल, तू हिशोब मांडू नकोस.

आणि ती गप्पच राहिली तर? मग एकदा साधं आमंत्रण दे स्पर्धेच्या रात्रीचं आणि सोडून दे. रोज मागे लागून मैत्री परत येत नाही.

ग्रुपच्या रात्रीबद्दल एक सुचवते. या वेळी वातावरण तसंही तापलेलंच असणार आहे. इस्रायलच्या सहभागावरून स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलंड या पाच देशांनी यंदा माघार घेतलीय, आणि यातले तरी सगळे अगदी तुझ्या व्याख्येतले पक्के युरोपियन. म्हणजे कोण आत असावं हे भांडण आता ऑस्ट्रेलियाच्या कितीतरी पुढे गेलंय, आणि तुमच्या सात-आठ जणांत त्यावर सात-आठ मतं असणार. तेव्हा गाणी चालू असताना फक्त गाण्यांवर बोलायचं आणि बाकीचं पॉइंट मोजून झाल्यावर, असं आधीच ठरवून घ्या. यजमान ज्याचा फ्लॅट तो. त्याने थांब म्हटलं की थांबायचं.

आता चुलतभाऊ. त्याला माझ्याकडून सांग की प्रश्न चांगला आहे, उत्तर तितकं गोड नाही. ऑस्ट्रेलिया चालतो म्हणून भारत चालावा असं होत नाही, कारण ऑस्ट्रेलिया मोठा देश आहे म्हणून आला नाही, एका चॅनेलने तीन दशकं पदरमोड करून प्रेक्षक तयार केला म्हणून आला. आपल्याकडे ती स्पर्धा कुठलं चॅनेल दाखवतं? फायनल आपल्याकडे सुरू होते रात्री साडेबाराला, संपते पहाटे पावणेपाचच्या आसपास. आयपीएलच्या दिवसांत. आधी कुणीतरी दहा वर्षं नुसती दाखवा, मग मागा. आणि दाखवायची तर पूर्ण दाखवावी लागते, मधे कात्री नाही, हा नियम फार कडक आहे. २०१८ ला चीनच्या मॅंगो टीव्हीने आयर्लंडच्या गाण्यात दोन पुरुष जोडपं म्हणून नाचतात म्हणून ते गाणंच उडवलं, प्रेक्षकांतले इंद्रधनुषी झेंडे धूसर केले, तर ईबीयूने दुसऱ्या सेमीफायनलच्या आत करार रद्द केला. २००५ ला लेबनॉनला गाणं ठरलेलं असताना माघार घ्यावी लागली, कारण त्यांच्या कायद्याने इस्रायलचं गाणं दाखवता येत नव्हतं. त्याच्याही आधी, १९७८ ला, जॉर्डनच्या टीव्हीने इस्रायलचं गाणं आलं की पडद्यावर फुलांचे फोटो लावले, आणि इस्रायल जिंकतंय दिसल्यावर प्रक्षेपण बंद करून लोकांना सांगितलं की बेल्जियम जिंकलं! आपल्या एखाद्या चॅनेलला सगळं जसंच्या तसं दाखवायची तयारी आहे का, हे भावाने आधी विचारावं, मग झेंडा घेऊन निघावं.

बरं, तो म्हणेल भारत इंटरव्हिजनला गेलाच की. गेला होता, सप्टेंबर २०२५, मॉस्को, बावीस देश, व्हिएतनाम जिंकला. रशियाला २०२२ ला युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर युरोव्हिजनमधून काढलं, मग त्यांनी ही सोव्हिएत काळातली जुनी स्पर्धा पुन्हा उभी केली. तिथे प्रदेश वगैरे भानगडच नाही, चीन, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, सौदी सगळे. वाचायला छान वाटतं, सगळ्या जगाला दार उघडं. पण मला त्यात एक खटकतं. तिथे यादी एक सरकार ठरवतं, आपल्याशी बरे असलेल्यांना बोलावतं. युरोव्हिजनमध्ये निदान चॅनेलांची संघटना आहे, ती चुकते, ओढाताण करते, पाच जण चिडून बाहेर पडतात, पण त्यांना बाहेर पडता येतं आणि का पडलो ते जाहीर सांगता येतं. सगळेच पाहुणे असलेल्या ठिकाणी असं भांडणार कोण?

कॅनडानेही आता हात वर केलाय, २०२५ च्या त्यांच्या अर्थसंकल्पात चक्क लिहिलंय की युरोव्हिजनमध्ये भाग घेता येतो का ते सार्वजनिक चॅनेलबरोबर तपासतोय. म्हणजे तुझा प्रश्न दरवर्षी परत येणार आहे. मला काय वाटतं ते स्पष्ट सांगते, पटलं तर घे. पाहुणा यावा. पण एका वेळी एक, फार तर दोन, आणि त्यांच्या चॅनेलने आधी बरीच वर्षं न कापता दाखवलेलं असावं. पाहुण्याची जागा वाढीव असावी, सेमीफायनलमधल्या कुणाचा नंबर त्याच्यामुळे जाऊ नये, २०१५ ला जमलं होतं तसं. किती वर्षांसाठी बोलावतोय ते पहिल्या दिवशी सांगावं. आणि जिंकला तर काय हे तर स्टेजवर पाऊल टाकायच्या आधी. युरोपातल्या चॅनेलांना नवे पैसे हवेत, नवी बाजारपेठ हवी, हे कारण असेल तर तेही सरळ बोलावं, त्यात लाज कसली, पण मग "संगीत सीमा मानत नाही" वगैरे ऐकवू नये.

हे सगळं मी एवढं लांबवून लिहायचं अजून एक कारण आहे. परदेशातल्या मराठी मंडळांतून मला अशाच धाटणीची पत्रं येतात, फक्त तिथे युरोव्हिजनऐवजी गणेशोत्सवातली गाण्याची स्पर्धा असते. आपल्या शहराच्या स्पर्धेत दुसऱ्या शहराच्या मंडळाची टीम घ्यायची का, घेतली आणि ती जिंकली तर फिरता चषक तिकडे जाऊ द्यायचा का, आपल्याच मुलांना बक्षीस मिळालं नाही म्हणून पालक रुसले, आता पुढच्या वर्षी काय. या सगळ्या कमिटीवाल्यांना माझं एकच सांगणं असतं की हे फॉर्म वाटायच्या आधी ठरवा आणि फॉर्मवरच छापा. पाहुण्या टीमला वेगळा वेळ द्या, स्थानिकांचे स्लॉट कमी करू नका. चषक बाहेर जाणार नसेल तर पाहुण्यांसाठी वेगळं बक्षीस ठेवा आणि तसं आधी सांगा, निकालाच्या दिवशी माइकवर नको. परीक्षकांपैकी एक तरी दोन्ही शहरांच्या बाहेरचा बघा. आणि बोलावताना "या की, आपलंच आहे" असं म्हणून नंतर "तुम्ही तर बाहेरचे" म्हणू नका, माणसं जेवण विसरतात, हे विसरत नाहीत. एका मंडळाच्या कमिटीतल्या काकूंनी लिहिलं होतं की आम्ही गेस्ट टीमला स्पर्धेत न घेता शेवटी अर्धा तास नुसतं गायला दिलं, लोक त्यासाठीच थांबले, जेवणाची रांग उशिरा लागली. हाही एक मार्ग आहेच. युरोव्हिजनने २०१४ ला कोपनहेगनला हेच केलं होतं, ऑस्ट्रेलियाची जेसिका मॉबॉय मध्यंतरात गायली, स्पर्धेबाहेर. तिथेच थांबले असते तर तुझी त्या रात्री चिडचिड झाली नसती, पण मग डामी इमही दिसली नसती.

तर तू आधी मैत्रिणीला गाठ, मे यायची वाट बघू नकोस, त्या आठवड्यात तुमच्या शहरात पाय ठेवायला जागा नसणार आणि ज्याला त्याला तिकिटांची घाई. चुलतभावाला मात्र एक कामाची गोष्ट सांगून ठेव. २०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतल्या लोकांनाही ऑनलाइन मत देता येतं, बाकीच्या सगळ्या जगाची मतं एकत्र करून एका देशाइतकं वजन मिळतं. पैसे लागतात, कार्डावर इंटरनॅशनल पेमेंट आधीच चालू करून ठेव म्हणावं, आयत्या वेळी ओटीपी येत नाही. २०२६ ची फायनल शनिवारी १६ मे ला आहे, म्हणजे त्याच्या पुण्यात रविवारी १७ तारीख लागल्यावर रात्री साडेबारा. आणि मत ऑस्ट्रेलियाला द्यायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू दे, तू मधे पडू नकोस.